मिठाच्या पहिल्या कणाची हक्कसोड

मी, सगुणा काळुराम भोईर, वय ८१, निवृत्त प्राध्यापिका, राहणार डोंबिवली (पूर्व), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघ्यांबद्दल कोणी विचारू नये.

१. पुस्तके भाचा हर्षित याला. वाचलीच पाहिजेत असे नाही, रद्दीत घालू नयेत एवढेच.

२. बाळकुमच्या जमिनीत माझा हिस्सा नाही. बहिणींनी हक्कसोड करायची हा आमच्याकडचा रिवाज. भाऊ गुणाजी पेढे घेऊन आला आणि मी सही केली. तिथे आता टॉवर आहेत. राग बरीच वर्षे होता. गुणाजी गेला, तेव्हा तो रागही गेला.

३. डोंबिवलीची सदनिका आणि बँकेतली शिल्लक गुणाजीची पत्नी विमलाबाई, म्हणजे माझी वहिनी, हिला. तिने मुलासाठी, म्हणजे हर्षितसाठी, हक्कसोड करू नये. हे उपकार नव्हेत. कारण लिहिते.

खाऱ्या पाण्यात मिठाचा पहिला कण कसा धरतो, याचे गणित मी मांडले. पुढे ते परदेशांतही शिकवले गेले. वहिनी सातवी पास. वागळे इस्टेटच्या भंगारातून आणलेल्या, हँडल फिरवायच्या गणनयंत्रावर तिने सात वर्षे माझे आकडे काढले, रोज दुपारी, स्वयंपाक उरकून. तरी उत्तर यायचे की पहिला कण धरायला नऊशे वर्षे लागतील. मी रडकुंडीला आले. मिठागरात वाढलेली वहिनी हसली. "सगुना, मीठ मधी नाय धरत गो. काठाला धरता." मी काठ गणितात घेतला. उत्तर काही तासांवर आले.

१९७९ साली शास्त्रीय मासिकात निबंध छापून आला. पाने उलटून तिने विचारले, "यान माजा नाव नाय गो?" मी म्हटले, "वैनी, शास्त्रात तशी पद्धत नाही." हे खोटे होते. तळाशी मी "घरच्या मंडळींचे आभार" लिहिले होते. स्वयंपाकघरातल्या आकडेमोडीला लोक हसतील, या भीतीने मी तिचे नाव गाळले. तिच्याइतकी माया मला कोणी लावली नाही आणि तिलाच मी फसवले. याची मला लाज वाटते.

४. म्हणून त्या सिद्धांतावरचा माझा अर्धा हक्क मी विमलाबाईच्या नावे सोडते. आधी इथे "माझ्या मृत्यूनंतर मासिकाला कळवावे" असे लिहिले होते. काल तिला मसुदा वाचून दाखवला, तर म्हणाली, "तू मेल्यावं? तवपरत मी थांबू? मना चौऱ्याऐंशी जाली!" बरोबर आहे. तेव्हा हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. दुरुस्तीचे पत्र दोघींच्या सहीने आज सकाळी पाठवले.

५. गणनयंत्र तिच्याच कपाटात आहे. ते माझे कधीच नव्हते.

डोंबिवली, ९ नोव्हेंबर २०२५
सही: सगुणा काळुराम भोईर

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. डॉ. मेघना केळुसकर
२. साईनाथ चौधरी

मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. वहिनीला तरी सही करायचीच होती. म्हणून तिच्या हस्ताक्षरात:

सगळे आकडे तपासले. कलम तीनमध्ये सात वर्षे लिहिली आहेत, ती नऊ आहेत.
— विमलाबाई गुणाजी भोईर