सागवानाला काय लावायचं

१० नोव्हेंबर
बदलीच्या माणसानं भिंतीला खिळा ठोकायचा नसतो. बाबा हे एकदाच म्हणाले होते, रायपूरच्या क्वार्टरमध्ये, मी कॅलेंडर लावायला स्टुलावर चढले होते तेव्हा. आधी बाबांच्या बदल्या, लग्नानंतर उदयच्या बँकेच्या. ते वाक्य मी आजवर पाळलं. पण इथं बंगालात, बागबाजारातला हा फ्लॅट आमचा स्वतःचा आहे. जुना आहे, जिना अंधारा आहे. पण खिडक्या सागवानी, खालची चौकट वर सरकवून उघडायच्या, भिंतीत दडलेल्या वजनांच्या दोऱ्यांवर चालणाऱ्या. त्यांना काय लावायचं ते मी ठरवणार. रविवारपर्यंत फायनल.

१४ नोव्हेंबर
निमाई मिस्त्रीनं जुना रंग खरवडून काढला. आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. बराच वेळ हात फिरवत बसले. निमाई मला बौदी म्हणतो, म्हणजे वहिनी. म्हणाला, बौदी, ऑइल पेंट मारू, दोन दिवसांत मोकळे. मी म्हटलं, सागवानाचं तोंड असं बंद करायचं नसतं. त्याला पटलं असावं. निदान चहा पिऊन गेला.

रविवार
फायनल झालं नाही. पॉलिश पावसात टिकत नाही, वार्निशचे उन्हात पापुद्रे सुटतात, जवसाचं तेल दरवर्षी लावावं लागतं. दरवर्षी. हा शब्द मला फार आवडला. उदयला विचारलं. मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, पांढरा मार, कुणालाही चालतो. कुणालाही म्हणजे कुणाला? राहणार आपण दोघंच. पण विचारलं नाही, दमलेला असतो.

२२ नोव्हेंबर
तेल. एका खिडकीला स्वतः लावलं, भरपूर. अप्रतिम दिसतंय.

२५ नोव्हेंबर
वाळत नाही. रस्त्याची सगळी धूळ बसलीय, शिवाय कबुतराचं पीस. खालच्या मजल्यावरच्या मासीमा वर येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, खिडकीचं लोणचं घातलंस काय गो? हसले. त्यांना लाकडातलं काय कळतं. जास्तीचं तेल लगेच पुसायचं असतं हे डब्यावर लिहिलं होतं, पण फारच बारीक अक्षरात.

२ डिसेंबर
दुसऱ्या खिडकीला वार्निश. धुक्यात लावल्यानं दुधाळ झालं. निमाई म्हणतो, मी सांगितलं होतं. नव्हतं सांगितलं. सांगितलं असेल तर बंगालीत, आणि भरभर.
उदयनं माळ्यावरची टीव्ही-फ्रिजची खोकी काढून उन्हात ठेवली. मी म्हटलं, आता रद्दीत देऊन टाकू. म्हणाला, राहू दे, चांगली आहेत. नीटनेटका माणूस आहे.

९ डिसेंबर
शकुनचा फोन. तिचा नवराही उदयच्याच बँकेत. विचारत होती, विशाखापट्टणमला नारळ स्वस्त असतील ना गं? म्हटलं, असतील. हिचं बोलणं नेहमीच असं, कशाचा कशाला पत्ता नाही.

१४ डिसेंबर
हरले नाही, प्रॅक्टिकल झाले. ऑइल पेंट. पण शेड माझी. दुकानदारानं शेडकार्ड पुढे केलं तेव्हा ते दोन्ही हातांनी धरलं, कारण घराचा रंग मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. सगळं कार्ड बघून झाल्यावर फिकट पिवळसर घेतला. बघताच आपला वाटला.

१८ डिसेंबर
रंगाचे दोन हात झाले. उदय आला तो बूट न काढताच बघत उभा राहिला. म्हणाला, अगं, हा तर क्वार्टरचा रंग. रांची, भोपाळ, विजयवाडा, सगळीकडे हाच होता. चेष्टा करत नव्हता, तेच जास्त लागलं.
मग खिडकी उघडायला गेला. उघडेना. रंगानं चौकट चिकटलेली. दोघांनी मिळून जोर लावला तर दोरी तुटली आणि भिंतीच्या आत वजन धप्पकन पडलं. त्यानंतर तो तिथेच, तावदानाकडे बघत बोलला. विशाखापट्टणम. प्रमोशनवर. होकार दिवाळीतच कळवलाय. तू खिडक्यांमध्ये इतकी रमली होतीस, कसं सांगणार? फ्लॅट भाड्यानं देऊ, म्हणाला. हा रंग भाडेकरूंना चालेल.

२० डिसेंबर
खोकी हॉलमध्ये आली. सकाळी सुरीच्या टोकानं एका कोपऱ्यातला रंग खरवडून पाहिला. खाली तेच मधाच्या रंगाचं लाकूड. सगळा रंग काढायचा, तेल लावायचं, लगेच पुसायचं. पुढच्या वर्षी पुन्हा लावायचं.
जेवताना विचारणार आहे. तो म्हणेल, खिडक्यांपायी कुणी दोन ठिकाणी संसार मांडतं का? वरण वाढायला सांगेल आणि विषय संपवेल. मीही वाढेन. तरी विचारणार आहे. उदय, ही एक बदली तू एकट्यानं करशील?