मा न्योचा कंदील

आराकान, वैशाख वद्य चतुर्थी

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे तो मनातल्या मनातच घातला आहे.

खोकला गेला, भातही भरपूर मिळतो. काळजी नसावी. तुझ्या डोळ्यांचं कसं आहे?

काशीत शिकलेलं न्यायशास्त्र अखेर कचेरीत भेटलं. इथल्या खडकावर दीपगृह बांधा, असा अर्ज मी कोळ्यांच्या वतीनं लिहिला होता. सरकारी कमिटी म्हणते, दीपगृहं जहाजांच्या करातून होतात. होड्या कर भरत नाहीत. म्हणजे होड्या समुद्रात नाहीतच, मग बुडतील कशा? इतका निर्दोष तर्क आमच्या गुरुजींनाही साधला नसता.

वर आणखी एक हुकूम आला. मा न्यो नावाची म्हातारी खडकासमोर उंच बांबूवर कंदील लावते. तिचा थोरला तिथंच बुडाला, धाकटा अजून समुद्रावर जातो. नकाशात नसलेल्या दिव्यानं आगबोटी फसतील, सबब तो काढावा. हुकूम घेऊन मीच गेलो.

"काय बाबू, दीपगृह आणणार होतास ना? हेच का ते?"

"मावशी, सरकारचा हुकूम आहे."

"आगबोटींकडे नकाशा आहे. माझ्या पोराकडे काय आहे?"

मी हुकुमाचा कागद पुढं केला.

"मग तूच उतरव," ती म्हणाली. "माझ्यानं नाही व्हायचं."

मी उतरवला, अक्का.

परवापासून वारा सुटला आहे. धाकट्याची होडी परतलेली नाही. मा न्यो रोज सकाळपासून कचेरीच्या पायरीवर येऊन बसते. मी मागच्या दारानं घरी जातो.

मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गंगाधर