गाडीला जोडायचा फोन

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मी लिहायला बसले आहे ती एका फोनपायी. तुमच्या मासळीच्या टेम्पोत एक टेपरेकॉर्डर तेवढा होता. तोही तुम्ही पनवेलचा बाजार उरकून, रिकाम्या टोपल्या घेऊन गावी परततानाच लावायचात. त्याच टेम्पोवर तुम्ही मला गाडी शिकवलीत. एकदा कर्नाळ्याच्या खिंडीत कॅसेट अडकली म्हणून मी खाली वाकले. तुम्ही स्टिअरिंग धरलंत, टेम्पो कडेला घ्यायला लावलात आणि चावी काढून खिशात टाकलीत. "गानी आयकाची असतील तर हितंच बस," म्हणालात. "चालवाचा असंल तर डोले रस्त्याव." मग पेणपर्यंत तुम्हीच चालवलंत.

आता मी खारघरला राहते. माझ्या गाडीत मधोमध मोठा स्क्रीन आहे. फोन वायरने जोडला की नकाशा, फोन, निरोप सगळं त्याच्यावर दिसतं. माझा फोन अँड्रॉइड, जुना झालेला. तुमच्या जावयांचा आयफोन. "घरात दोन तऱ्हा कशाला? तूही आयफोन घे, गाडीला छान जोडला जातो," असं ते कितीदा म्हणाले, आणि मी दरवेळी टाळलं.

गेल्या उन्हाळ्यात मी आईला गावाहून आणत होते. पेण मागे पडलं आणि ती बोलायची थांबली. बघते तर पदर घामाने भिजलेला. "छातीव कोनी बसल्यावानी वाटतंय," एवढंच म्हणाली. मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून यांना फोन लावला. "तू येत राहा. कुठे हृदयाचे डॉक्टर आहेत ते विचारून लगेच सांगतो," ते म्हणाले. खिंडीत शिरते न शिरते तोच स्क्रीन काळा पडला, बटणही चालेना. वायर ढिली झाली होती, फुटपाथवरून घेतलेली. दोन सीटच्या फटीत फोन वाजतोय, यांचाच आहे हे मला कळतंय, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, थांबायला जागा नाही. मी एक हात फटीत घालते आणि त्या हातामागोमाग नजरही खाली जाते. वर पाहते तर पुढच्या कंटेनरचे लाल दिवे अगदी काचेशी. मी सगळा जोर लावून ब्रेक दाबला. आई पुढे फेकली गेली, पण सीटबेल्टने तिला धरलं.

ती ओरडली नाही. श्वास घेत घेत म्हणाली, "तुजे आबा असते तर चावी काडली असती. फुडं बग तू. फोन मी बगते." तिने फटीतून फोन ओढून काढला, हिरवं बटण सरकवलं, स्पीकर लावला आणि छातीवरचा हात न काढता तो माझ्या बाजूला धरून राहिली. "नेहमीच्या हॉस्पिटलात जाऊ नका, तिथे आज डॉक्टर नाहीत," यांचा आवाज आला. "पनवेलला पुलाखालून डावीकडे वळ. तिथल्या हॉस्पिटलच्या दारात मी उभा राहतो." ते खरंच दारात उभे होते, स्ट्रेचर घेऊन. डॉक्टर नंतर म्हणाले की आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

आई घरी आल्यावर फोनचा विषय पुन्हा निघाला, आणि या वेळी आमच्या दोघांच्याही आवाजात धार होती. शेवटी इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसलो. यांचा आयफोन वायरशिवाय चटकन जोडला गेला, मला आवडलाही. मग नणंदेचा नवा अँड्रॉइड जोडला, तोही तसाच. दोन्हींत बोट ठेवायला जागा नव्हती. तेव्हा मी आईला बाजूच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, "समज, स्क्रीन बंद पडला. जावयांना फोन लाव." आयफोन तिने उलटसुलट करून पाहिला, चष्मा पुसला. "यात मागं कसा जातात?" दुसरा हातात दिला तर नंबर दाबून मोकळी झाली. तिचा स्वतःचा फोन तसलाच आहे.

"पण दरवेळी आई बाजूला असणार आहेत का?" यांनी विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

"वेळ आली तेव्हा होती," मी म्हटलं.

त्यांनी आपला आयफोन खिशात टाकला. मग म्हणाले, "त्यांना जमतो तो घे." मी नवा अँड्रॉइड घेतला. आता वायर नाही.

हे मी फोनमध्येच लिहिते आहे आणि ते इथेच राहणार, म्हणून यांना न सांगितलेलं तुम्हाला सांगते. गावचा रस्ता मला तोंडपाठ आहे, तरी एकटी निघाले की मी मराठीतून नकाशा लावते. वळण आलं की त्यातली बाई बोलते, बरं वाटतं. खिंडीत मात्र सांगण्यासारखं वळण नसतं, म्हणून ती गप्प राहते. तेवढा वेळ मला अजून भीती वाटते, आबा.