एक निर्णायक पाऊल

३ मार्च, सकाळी ५:५०

"दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगड झालेल्या माझ्या परिचारक बंधू-भगिनींनो, रुग्णाच्या उशाशी आपण आठ तास असतो, डॉक्टर आठ मिनिटं. तरीही या इमारतीत आपलं मत कोणी विचारत नाही."

सुरुवात जमली. चहा न घेता लिहिली. चौदा तारखेला हॉस्पिटलच्या सभागृहात नर्सिंग स्टाफचा परिसंवाद आहे. विषय: 'नर्सची निर्णयशक्ती आणि नीती'. मेट्रनबाईंनी वक्ता म्हणून माझं नाव घातलंय. बरोबरच आहे. सर्जिकल वॉर्डात माझ्याइतकं वाचन कुणाचं नाही, आणि आवाज तर नाहीच.

संकल्प: रोज दोन पानं.

४ मार्च

नीतिशास्त्रावरची तीन जाडजूड पुस्तकं आणली. एकाची प्रस्तावना जवळजवळ संपत आली.

भाषणाची आठ पानं बायकोला वाचून दाखवली. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, छान आहे, पण यात पेशंट कधी येतो? म्हटलं, सोळाव्या पानावर. म्हणाली, तोपर्यंत टिकेल ना तो?

घरची माणसं वक्त्याला मोजत नाहीत.

५ मार्च, ड्यूटी संपल्यावर

सात नंबरच्या खाटेवर नवे आजोबा. पेशाने शिंपी, वय बहात्तर, शुगर जुनी, डाव्या पायाची बोटं काळी पडलेली. कमी बोलतात. काहीही सांगा, 'बरं' म्हणतात. अशा माणसाचा आवाज आपण व्हायचं असतं. हे वाक्य नवव्या पानावर घातलं.

नवी सिस्टर, आठ महिन्यांपूर्वी लागलेली, म्हणाली, ब्रदर, आजोबा बरं म्हणतात तेव्हा त्यांना ऐकू आलेलं असतंच असं नाही. म्हटलं, सिस्टर, हे अनुभवाने कळतं. ती म्हणाली, मला त्यांच्या उजव्या कानाने कळलं, डाव्या बाजूने बोललं की मान वळवतात.

संकल्प: उद्यापासून प्रत्येक रुग्णाचं रोज पाच मिनिटं नुसतं ऐकायचं.

६ मार्च

ऐकण्याची सुरुवात आजोबांपासून केली. ऐकणं का महत्त्वाचं, हे आधी त्यांना समजावून सांगितलं. त्यात पंचवीस मिनिटं गेली. इन्सुलिन दिलेलं होतं, नाश्त्याची प्लेट येऊन पडली होती, पण विषय रंगात आला होता. हळूहळू आजोबांच्या कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले, डोळे जड झाले. इतका हेलावलेला श्रोता मला आजवर मिळाला नव्हता.

वॉर्डातल्या मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, अहो ब्रदर, म्हातारा गार पडलाय, भाषण कसलं करताय. नवी सिस्टर धावत आली, बोट टोचून शुगर बघितली. शेहेचाळीस. साखरपाणी पाजलं. दहा मिनिटांत आजोबा भानावर आले. पहिला प्रश्न विचारला, संपलं का?

सलाईनबद्दल विचारत असावेत.

रजिस्टरमध्ये नोंद केली: 'घाम सर्वप्रथम ब्रदरच्या लक्षात आला.' यात एक अक्षर खोटं नाही.

७ मार्च

दुपारी चादरींच्या खोलीत दार लावून सराव. "रुग्णाची हाक ज्याच्या कानावर पडत नाही, त्याने हा पांढरा पोशाख उतरवून ठेवावा." हे म्हणताना माझेच डोळे भरून आले. मधे वॉर्डातली बेल चार वेळा वाजली. एकाग्रता भंगते. बेलचा आवाज कमी करण्याबद्दल अर्ज द्यायचा.

८ मार्च

आज खरा नैतिक पेच. सर्जन राऊंडवर सात नंबरपाशी दीड मिनिट थांबले. मला म्हणाले, डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, परवा सकाळी घेऊ. तुम्हाला बोलायची हौस आहे ना ब्रदर, तुम्हीच नीट समजावून सांगा आणि सही घेऊन ठेवा. शब्द दिला.

पाठोपाठ आजोबांचा मुलगा आला. मला जिन्यापाशी बाजूला घेऊन म्हणाला, बाबांना पाय कापणार असं सांगू नका, हाय खातील. उभा जन्म पायाने मशीन मारलीय त्यांनी. त्यालाही शब्द दिला.

एक माणूस, दोन शब्द. दुसरा कोणी असता तर गडबडला असता.

९ मार्च, रात्री

पेच सुटला. एकाच वाक्यात. आंघोळ करताना सुचलं.

आजोबांना म्हणालो, "आजोबा, उद्या आपल्या पायाच्या संदर्भात एक निर्णायक पाऊल उचललं जाणार आहे."

आजोबा म्हणाले, बरं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून सहीची जागा मी बोटाने दाखवली. वळणदार सही केली.

सर्जनला सांगितलं, समजावलं. मुलाला सांगितलं, कापणं हा शब्द तोंडातून काढला नाही. दोन्ही खरं. याला नीती म्हणतात. पान सतरा.

नवी सिस्टर म्हणाली, ब्रदर, त्यांना कळलं का? म्हटलं, सही बघ. म्हणाली, सही दिसतेय, मी कळण्याचं विचारतेय. हल्लीच्या लोकांना प्रश्न फार.

संध्याकाळी आजोबांनी सुनेकडून बूट मागवून घेतले. पॉलिश केलेले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इतकी उमेद मी पाहिली नव्हती. श्रेय घेत नाही, पण नोंद असू द्यावी.

१० मार्च

अक्षर वाकडं येतंय. थोडक्यात लिहितो.

सकाळी आठला ट्रॉली आली. नवी सिस्टर ऑपरेशनला नेण्याआधीचा तक्ता भरत होती. 'आज कोणतं ऑपरेशन आहे, हे पेशंटने स्वतः सांगावं' असा त्यात एक रकाना असतो. आम्ही अनुभवी लोक तिथे बरोबरची खूण करून पुढे जातो. ती आजोबांच्या उजव्या कानाशी वाकली आणि विचारलं, आजोबा, आज तुमचं काय करणार आहेत?

आजोबा म्हणाले, ब्रदर म्हणाले ना, पाऊल उचलायचंय म्हणून. आज चालवून बघणार असतील. बूट घालूनच निघतो. डाव्या बुटाची नाडी जरा सैल ठेवलीय.

मावशींचा फरशी पुसणारा हात थांबला.

सिस्टर म्हणाली, ट्रॉली परत न्या. सर्जन तावातावाने वर आले. थिएटर तयार आहे, सगळे खोळंबलेत, सही आहे ना, मग काय अडलंय? ती म्हणाली, सर, सही आहे, पण पेशंट चालायला निघालाय. शुद्धीवर आल्यावर त्यांना काय सांगायचं, ते तुम्ही मला सांगा. तिचा आवाज कापत होता. अशा प्रसंगी श्वास पोटातून घ्यायचा असतो, तिला नंतर सांगेन.

सर्जन बुटांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मी खिशात पेन शोधत होतो.

सिस्टर स्टूल ओढून बसली. म्हणाली, आजोबा, तुमच्या डाव्या पायाचं मांस मेलंय, विष वर चढतंय. गुडघ्याखालून पाय कापावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. नाही कापला तर जिवाला धोका आहे. काय करायचं, ते तुम्ही सांगायचं.

एवढंच. ना उपमा, ना प्रस्तावना.

आजोबांनी डाव्या बुटावरून हात फिरवला. या वेळी बरं म्हणाले नाहीत. मी पोकळी भरून काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींनी माझ्या पायांवरून ओलं फडकं फिरवलं. मुद्दाम नसावं.

मग आजोबा म्हणाले, माझ्याकडे कापड आलं की मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, बाबा, काय शिवायचंय. मग माप घेतो. कात्री शेवटी. तुमच्यात उलटं दिसतंय.

विचार करायला त्यांनी एक दिवस मागितला. सर्जन म्हणाले, उद्याचा दिवस थांबता येईल, जास्त नाही. आणि, नोंदवायला हवं, आजोबांना माफ करा म्हणाले. माझ्या वतीने म्हणाले असावेत.

११ मार्च

मेट्रनबाईंना चार पानी खुलासा दिला. त्यांनी पहिलं पान वाचून खाली ठेवलं. म्हणाल्या, पाय कापणार, हे दोन शब्द तुम्ही उच्चारलेत का? म्हटलं, आशय तोच होता. म्हणाल्या, ब्रदर, कापायचा पाय होता, आशय नाही.

आजोबांनी सर्जनना खाटेजवळ बसवून पाऊण तास प्रश्न विचारले. गुडघा नक्की राहणार का? खोटा पाय कधी बसवता येईल? उजव्या पायाने मशीन जमेल, की मोटर लावू? पुन्हा शुगर उतरणार नाही ना? इतके प्रश्न त्या माणसात होते याची मला कल्पना नव्हती. 'संपलं का?' सोडला तर सहा दिवसांत मला एकही विचारला नाही. सवड कधी मिळाली असती म्हणा.

मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही हाय खाल म्हणून लपवलं. आजोबा म्हणाले, हाय तू खाल्लीस, पाय माझा जात होता. मग त्याचा हात धरून बसले.

१२ मार्च

आजोबा राजी झाले. चष्मा लावून अख्खा फॉर्म वाचला आणि सही केली. खाली स्वतःच्या हाताने एक अट लिहिली: 'मला काहीही सांगायचे असल्यास सिस्टरने सांगावे. ब्रदरने सांगू नये.' हा कागद केसपेपरला जोडला गेला आहे. मी टाचणी लावू नका म्हटलं होतं, म्हणून मेट्रनबाईंनी डिंकाने चिकटवला.

ऑपरेशन नीट पार पडलं. गुडघा राहिला.

संकल्प: परवाच्या बावीस पानी भाषणात या प्रकरणाला सविस्तर उत्तर द्यायचं.

१४ मार्च, संध्याकाळी

सभागृह गच्च भरलं होतं. व्यासपीठाच्या पायरीवर मेट्रनबाईंनी माझ्या हातातली बावीस पानं काढून घेतली आणि एक चिठ्ठी दिली. नव्या सिस्टरचं अक्षर. म्हणाल्या, तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, तुमचा पोचतो. एवढंच वाचा आणि खाली या.

वाचलं. चढउतार साधले, 'बसा'वर योग्य तो जोर दिला. पंधरा सेकंद. टाळी एकही नाही. आधी मागची रांग उठली, मग मधली, मग पुढची. चहासुद्धा न घेता सगळे निघून गेले. वक्ता इतका पडलेला या सभागृहाने पाहिला नसेल. बाहेर येऊन बघितलं तर जिना भरलेला, जो तो आपापल्या वॉर्डाकडे चाललेला.

माझा काहीही दोष नव्हता, हे उद्या कुणी विचारलं तर दाखवता यावं म्हणून मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

"आत्ता उठा आणि आपल्या वॉर्डात जा. उद्या ज्याचं ऑपरेशन आहे, त्या पेशंटजवळ स्टूल ओढून बसा. त्याला विचारा, उद्या तुमचं काय करणार आहेत, तुमच्या शब्दांत सांगा. तो सांगेपर्यंत एक शब्द बोलू नका."