बनूच्या पदरातले चिंचोके

तीर्थरूप रखमाआक्का हिला,

तुडीलहून धाकट्या बनूचा नमस्कार. पायावर डोकं ठेवून नमस्कार म्हणायची रीत आहे, पण माझा गुडघा आता तेवढा वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच केला असं समज. तुझा खोकला गेला का? गाभण म्हैस व्याली का? इकडे सगळे बरे आहेत. त्यातले काही तर जरा जास्तच बरे दिसायला लागले होते, म्हणून हे पत्र.

फोन करायला काय झालं होतं, असं तू म्हणशील. तुमच्या वाडीत रेंज येते ती चिंचेखाली उभं राहिल्यावर, आणि आमच्याकडे फोन असतो सुनेच्या हातात. सुनेची चुगली सुनेच्याच फोनवरून कशी करणार? म्हणून बौद्धवाडीतल्या उज्वलाच्या ओटीवर बसून सांगते आहे. (उज्वला म्हणजे शाळेतून रिटायर झालेली बाई. अक्षर मोत्यासारखं, आणि ऐकलेली गोष्ट पोटात ठेवते. मात्र माझं बोलणं ती शाळेच्या भाषेत लिहिते, त्यामुळे मी मध्येच शिकलेली वाटले तर दचकू नकोस.) तू हे नातीकडून, सेजलकडून, वाचून घे. तिला सांग, हळू वाच, भिंतीला कान असतात आणि तुझ्या शेजारणीला चार आहेत.

तर गुडघा. महाडच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, आजी, वाटी झिजली, बदलावी लागेल. बदला म्हटलं. तर म्हणाले, आधी सहा किलो वजन उतरवा, दिवाळीनंतर बघू, उतरलं तर तारीख देतो, नाही उतरलं तर नाही. मला तिथेच पहिली शंका आली. दाराची बिजागरी बदलायला आलेला सुतार कधी म्हणतो का, आधी घर हलकं करा? पण हो म्हटलं. तुला माहीत आहे मला हा गुडघा कशाला हवा आहे. तुझ्या घराची ती पाखाडी, साठ पायऱ्या. गेल्या खेपेला मी तिसाव्या पायरीवर बसले, तू वरून तीस उतरून आलीस, आणि दोघी बहिणी मध्येच बसून बोललो, वाटेवरच्या भिकारणींसारख्या. येणारे-जाणारे आपल्याला ओलांडून जात होते. तिसरं वर्ष आहे, तुझ्या चुलीपाशी टेकलेले नाही.

डॉक्टरांनी मला आहाराच्या बाईकडे पाठवलं. नाव राजनंदिनी, आणि अंगाने उदबत्तीची काडी. जिला स्वतःला कोणी पोटभर वाढलेलं दिसत नाही ती मला जेवायला शिकवणार! ती म्हणाली, आजी, उपाशी राहायचं नाही. असं खायचं की पोट भरेल आणि वजन उतरेल. आक्का, पोतं भरत जायचं आणि हलकं होत जायचं, असं पोतं तू आजवर पाहिलंस? मी नाही. ताटात अर्धी भाजी, वाटीभर मोडाचं कडधान्य, भात एक वाटी (वाटी तिने हाताने दाखवली, आपल्याकडे तेवढ्यात हळद ठेवतात), ताक, आणि घास चावून चावून. माझे दात किती उरलेत ते तिने विचारलं नाही.

दर्शनाने, म्हणजे आमच्या सुनेने, उत्साहाने दुकानातून ओट आणले. शिजवलं तर पोस्टातला डिंक. मी म्हटलं, ह्यात वजन उतरवायची काय ताकद हाय? तर म्हणते, "आई, माणूस खातच नाय ना जास्त." हे मात्र खरं निघालं. पुढच्या खेपेला राजनंदिनीच म्हणाली, ओट कशाला, नाचणी खा, कुळीथ खा, पोटाला धरून राहतात. ऐकून मी गारच झाले. लहानपणी दारात पाहुणा दिसला की आई नाचणीची भाकरी टोपलीखाली लपवायची, आठवतं? आता तीच भाकरी डॉक्टरीण कागदावर लिहून देते. तेव्हापासून मला वाटतं, आपल्याला गरिबी आली नव्हती, कोणीतरी पथ्यावर ठेवलं होतं.

मग ती म्हणाली, दिवसभरात काय काय खाता ते वहीत लिहून ठेवायचं. मला अक्षर येत नाही म्हटलं. म्हणाली, सुनेला सांगा. म्हणजे मी घास घ्यायचा आणि सुनेने नोंद करायची! पोलीस पाटलाच्या घरीसुद्धा असं नसतं. म्हणून मी माझी युक्ती काढली. जेवले की पदराच्या गाठीत एक चिंचोका. महिन्याने चिंचोके पिशवीत घालून राजनंदिनीसमोर ओतले. दिवसाला दोन, कधी एक. ती चकित. म्हणाली, आजी, एवढं कमी खाऊ नका. मग काट्यावर उभं केलं. वजन दीड किलोने वाढलेलं.

आता सांग, संशय कुणावर घ्यायचा? पहिला काट्यावर घेतला. डोरलं, किल्ल्या, सुपारीचा बटवा, सगळं काढून परत उभी राहिले, दीड किलो तसंच. दुसरा संशय दर्शनावर. कारण आक्का, ती बारीक व्हायला लागली होती! मी मोडाची मटकी चावून चावून जाड होते आणि ती बसल्या जागी वाळते, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातात. मला वाटलं, माझ्या भाजीत हिने तुपाचा हात फिरवला असणार. का, तर ऑपरेशन झालं नाही की सासू ओटीवर बसून राहील, पाखाडी चढून बहिणीकडे जाऊन हिच्या चुगल्या करणार नाही. (तू हसू नकोस. तुझ्या सुनेच्या बाबतीत तू याहून वाईट विचार केला आहेस, मी साक्षीला आहे.)

त्यात रोज दुपारी ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. म्हटलं, हिचं तळण चाललंय. मासळी नाहीतर भजी. वास येत नव्हता, पण चतुर बाई वास येऊ देत नाही. एका दुपारी गुडघा धरत, भिंतीला टेकत गेले आणि फटीतून बघितलं. दर्शना ओट्यापाशी उभी. हातात माझीच वाटी, माझीच मटकी, बाजूला माझीच काकडी. आणि तोंड असं, की एरंडेल पितेय. मी दार ढकललं. म्हटलं, हे काय गो? ओशाळली. म्हणाली, "तुमी एकट्याच हे खाताव तर बरं वाटत नाय, आई. मी बी धरलंय. तुमच्यासमोर खाल्लं तर तुमाला वाटंल, नाटक करते."

वाटलं असतं गो. तेच वाटलं असतं.

परत येऊन ओटीवर बसले. आता संशय घ्यायला घरात एकच माणूस उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खरा चिंचोका घालायचं ठरवलं. म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडे जेवण म्हणजे भात. भात पोटात गेला नाही तर माणूस जेवलं असं कुणी म्हणत नाही, तूही नाही. भाकरी म्हणजे आधार, घावन म्हणजे तोंडात टाकलेलं, चहा म्हणजे तर पाणीच. राजनंदिनीने किती वेळा जेवता विचारलं, मी भाताचे चिंचोके घातले. यात माझं काय चुकलं? पण त्या दिवशी म्हटलं, तोंड उघडेल तितक्यांदा एक.

आणि त्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी अर्धा तास चाला. आमच्या घरापासून नदीपर्यंत अकरा घरं. शहरातली माणसं चालतात तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही. इथे पहिल्याच ओटीवरून, "बनूमावशे, पुढं कशी जातंस? टेक की!" टेकलं की चहा. चहा नको म्हटलं तर, "का गो, आमच्याकडचा चालत नाय?" आता यावर काय बोलशील? गिळलास तर साखर, नाही गिळलास तर भांडण. दुसरीकडे घावन निघत होते, तव्यावरचा पहिला हातावर ठेवला. तिसरीकडे लेक बाळंतपणाला आलेली, डिंकाचा लाडू. आणि पुढे, आता भाताची कापणी, दर दोन घरांआड नवे पोहे. नव्या अन्नाला नाही म्हणायचं नसतं, हे काही मी केलेलं शास्त्र नाही. असं चालत मी महिनाभर वजन उतरवत होते!

नदीवरून घरी आले तेव्हा पदराची गाठ मांडीवर आपटत होती. दर्शनापुढे सोडली. एकोणीस. आणि अजून दुपारचा भात व्हायचा होता. दर्शनाने मोजले, परत मोजले, मग खालीच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "आई, माझ्या लग्नात वऱ्हाडानं एवढं खाल्लं नाय!"

आता आमचं असं चालतं. सकाळी निघायच्या आधी दर्शना मला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं खायला घालते, वर ताक. मग ओटीवरून हाक आली की मी खरं तेच सांगते, पोट भरलंय गो, दडस झालंय, जागाच नाय. लोक संशयाने बघतात (बनू आणि नको म्हणते!), पण खोटं नसल्यामुळे माझा आवाज चढतो आणि ते गप्प बसतात. पंधरा दिवसांत दोन किलो उतरलं. त्यातले दीड माझेच चढवलेले, तेव्हा नफा अर्धा किलो. साडेपाच बाकी. राजनंदिनीला मी अजून पूर्ण मानलेलं नाही, पण पोतं भरून हलकं होतं, एवढं कबूल.

बाकी ठीक. म्हशीला जप, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
बनू

ता. क. तुमच्या डोंगरातले कुळीथ आणि नाचणी पाठव. बाजारच्या कुळथात खडे निघतात, आणि उरलेल्या दातांवर माझा जीव आहे. सोबत नारळाच्या वड्या पाठवू नकोस. पाठवल्यास तर नीट बांध, गेल्या वेळी चुरा झाला होता.

ता. क. दुसरा. उज्वला पाणी आणायला आत गेली होती, आता आली, तर लिही म्हटलं. आक्का, ज्या एका माणसावर संशय उरला म्हटलं, ते मीच. आपला हैबतीदादा मुंबईला पोटाचं ऑपरेशन करायला गेला तेव्हा आपण दोघी त्याला एसटीत बसवायला गेलो होतो. परत आणायला आपल्याला कोणी बोलावलंच नाही. अकरा घरचा चहा मला नको म्हणता आला असता गो. वजन उतरलं नाही तर तारीख नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. हे दर्शनाला ठाऊक नाही, सांगू नकोस. आता उतरवते आहे, तर उतरेल, आणि तारीख येईल. त्या दिवशी तू ये. डॉक्टरांसाठी नको, माझ्या खाटेपाशी नुसती बस. या खेपेला पूर्ण साठ पायऱ्या तू उतर. पुढच्या सगळ्या खेपांना मी चढेन.

ता. क. रखमाताईंना उज्वलाचा सविनय जयभीम. पत्र सांगितलं तसंच लिहिलं आहे. पाकिटात पाच चिंचोके आहेत, ते बनूताईंनी मुद्दाम घालायला लावले: पत्र सांगताना जे तोंडात गेलं, त्याचे. मी चारच पाहिले होते. पाचवा त्यांनी स्वतःहून टाकला आणि कशाचा ते सांगायला तयार नाहीत. मी पाणी आणायला गेले तेव्हा चकल्यांचा डबा ओटीवरच राहिला होता, तो आता उघडून बघते.