आळशांची डाय

३ मे, शनिवार

पुन्हा तेच! सकाळचे रस्क कॉफीत बुडवून होत नाहीत तोच फानी काका दारात, आणि ते नि माझा नवरा वेसल शेडमध्ये. विषय — काडतुसाचं तोंड कोणत्या डायनं, म्हणजे पोलादी साच्यानं, आवळावं. पितळी पुंगळीच्या तोंडाशी नखाच्या कडेएवढी जागा, आणि तिच्यावर ही दोन थोर माणसं जेवणापर्यंत बोलली. आमचं लग्न याहून कमी चर्चेत ठरलं होतं.

बाजारात तयार काडतुसं मिळतात. हे वाक्य या घरात उच्चारायचं नाही. मी एकदा उच्चारलं होतं, तेव्हा वेसलनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या आईला स्वयंपाक येत नाही म्हणाले.

मलाही आता सगळं पाठ झालंय. चारशे अठ्ठावन्नची रायफल म्हणजे खांद्यावर बैलाची लाथ. एक बार काढला की त्या धक्क्यानं मॅगझिनमधली उरलेली काडतुसं पुढं आपटतात आणि गोळ्या आपापल्या पुंगळीत आत दबतात. म्हणून गोळी बसवली की पुंगळीचे ओठ तिच्याभोवती आवळायचे. वेसलची डाय त्याच्या वडिलांची. प्रेसच्या एकाच दाबात गोळी बसवते आणि ओठही आत वळवते. अट एकच — सगळ्या पुंगळ्या एका लांबीला कापलेल्या हव्यात. एखादी लांब राहिली की तिचे ओठ जास्त दाबले जातात आणि खाली पोट सुटतं. पोट सुटलेलं काडतूस रायफलीच्या चेंबरमध्ये जात नाही. पोट सुटलेली माणसं मात्र शेडमध्ये आरामात मावतात.

४ मे, रविवार

चर्चमध्ये भजनाचं पुस्तक मीच धरलं. आमच्या साहेबांचे दोन्ही हात खिशात. देवापुढंसुद्धा! मे लागला, आफ्रिकेचा हिवाळा आला, थंडी आहे म्हणे. थंडी! कुत्रा सावलीत जीभ काढून पडला होता.

९ मे, शुक्रवार

वेसल ज्यांना शिकारीला नेतो त्यांतल्या डेन्मार्कच्या म्हाताऱ्याचं पत्र आलं. आठ जूनला रविवारी रानात निघायचं, एक म्हातारा रानरेडा हवा. नदीकडच्या वेळूत दोन 'चिखल्या' रेडे आहेत. कळपानं हाकललेले, अंगभर चिखल फासून बसणारे, सगळ्या जगावर रागावलेले. मला त्यांना बघून नेहमी नेमबाजी क्लबाची कार्यकारिणी आठवते.

हसते आहे खरी. पण मे संपत आला की मी रात्री हिशेब मांडत बसते, दरवर्षी. गिऱ्हाईक चुकलं तर जखमी रेड्यापुढं वेसल. वेसलच्या रायफलीत काडतूस अडकलं तर पुढं कोणी नाही. हिशेब एवढा सोपा आहे. त्याला तो माझ्यापेक्षा चांगला येतो, आणि तरीही तो शिट्ट्या वाजवत हिंडतो.

आता दाढीही वाढवायला घेतली आहे. गिऱ्हाइकांना आवडते म्हणे. गालावर जागोजागी टक्कल आणि मध्ये झुडपं — दुष्काळातलं कुरण!

१४ मे, बुधवार

आज शेड झाडायला गेले. ट्रेमध्ये पुंगळ्या मांडून ठेवलेल्या, तळाशी बार पेटवणाऱ्या टोप्या नव्या बसवलेल्या, धुऊन चकचकीत. एकही कापलेली नाही! कापलेल्या पुंगळीची कड कशी चमकते ते मला न बघता कळतं. या सगळ्यांच्या कडा मळकट.

विचारलं, तर म्हणाला की डोळ्याला कळतं कोणती लांब आहे ते. डोळ्याला! ज्या माणसानं लग्नाआधी मला सांगितलं होतं की केसाच्या निम्म्या जाडीचा फरक माणसाचा जीव घेतो, तो आता डोळ्यानं मोजतो. मी लांबी मोजायचं कॅलिपर घेऊन चार पुंगळ्या त्याच्यासमोर मोजल्या. चारही वेगळ्या. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मग मी दुसऱ्या एका डायचं नाव काढलं. तिच्यात चार पोलादी बोटं असतात, ती बाजूनं चिमटा घेतात. पुंगळी जराशी लांब काय, आखूड काय, तिला फरक पडत नाही. फक्त गोळी आधी बसवायची आणि आवळायचं काम वेगळं करायचं. एक दाब जास्त. मला तर वाटलं, दोघांच्याही मनासारखं झालं.

"ती आळशांची डाय आहे," वेसल म्हणाला. "ज्यांना पुंगळ्या कापता येत नाहीत त्यांच्यासाठी."

"मग तुझ्यासाठीच बनवलीय की."

तो उठला आणि पाण्याचा पंप बघायला गेला. पंप चांगला चालू होता.

१७ मे, शनिवार

क्लबात निखारे, सॉसेज, बिअर आणि ज्ञान. मी चुकून त्या चार बोटांच्या डायचं नाव काढलं आणि नवराबायकोच्या भांडणात सगळे न्यायाधीश झाले. एक म्हणाला, गोळीवर खाच असेल तर ओठ वळवणारीच डाय हवी. दुसरा म्हणाला, आवळूच नये, पुंगळीची पकड घट्ट असली की पुरे. तिसऱ्यानं एवढ्या जोरात मान हलवली की त्याला कोणाचं पटलं ते कळलंच नाही.

फानी काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरी," ते म्हणाले, "तुझ्या सासऱ्यानं त्याच डायवर आयुष्य काढलं." सत्तेचाळिसाव्या वर्षी मला पोरी म्हणणारा हा एकच माणूस उरला आहे, म्हणून सोडून दिलं. सासरे पुंगळ्या कापायचे, काका. एक सुटू द्यायचे नाहीत. हे मी तिथं म्हणाले नाही. नवऱ्याची चारचौघांत शोभा करायला मला आवडत नाही. घरी मात्र मन लावून करते.

वेसलनं यंदा स्पर्धेत बार काढला नाही. आता तो पंच आहे! खुर्चीत बसून इतरांच्या चुका सांगायच्या. हे पद त्याच्यासाठी कधीपासून रिकामं होतं.

२१ मे, बुधवार

कॉफी अर्धा कपच ओत म्हणतो. आमच्या घरात काटकसर अवतरली, आणि ती नेमकी माझ्या कॉफीवर!

२५ मे, रविवार

काल कुत्रा लंगडत आला. पंजात बाभळीचा काटा, खोल. काटे काढायचं खातं पहिल्यापासून वेसलचं. आमची लेक इल्से लहान असताना दिवसभर अनवाणी हिंडायची. संध्याकाळी तो तिचा पाय मांडीवर घ्यायचा, तोंडात सुई धरून तिला बिबट्याची गोष्ट सांगायचा, आणि गोष्ट संपायच्या आत काटा बाहेर. ती एकदाही रडली नाही. काटा कधी निघाला हे तिला कळायचंच नाही. एवढे मोठे हात आणि एवढे हलके. मी त्या हातांवर भाळले होते, शेतावर नाही. शेत तेव्हाही असंच होतं, दगड आणि काटे.

तर काल म्हणाला, तूच बघ, मला काम आहे. काम म्हणजे व्हरांड्यात बसून डोंगराकडं बघणं. मी काढला काटा. कुत्रा मला चावला.

कधी कधी वाटतं, माणूस समोर असतो आणि आपण त्याच्या आठवणीबरोबर संसार करत असतो. हे वाक्य फार गंभीर झालं. असो. बोटाला पट्टी बांधली आहे, म्हणून अक्षर असं.

२८ मे, बुधवार

आज केलं. त्याला न विचारता.

आठ तारखेच्या शिकारीसाठी म्हणून त्यानं काडतुसं भरून डब्यात ठेवली होती, झाकणावर ठळक अक्षरात 'रेडा'. अक्षरही बघवत नाही, कोंबडीनं लिहिल्यासारखं. तो गावात गेल्यावर मी रायफल बाहेर काढली, बोल्टमधली बार उडवणारी पिन काढून ठेवली, नळी मातीच्या बांधाकडं केली आणि एकेक काडतूस चेंबरमध्ये घालून बघू लागले. गेलं. गेलं. गेलं. मग एक अर्ध्यावर थांबलं. बोल्टवर जोर दिला तरी हलेना. काढून बोटानं चाचपलं — ओठांच्या खाली अगदी बारीक फुगवटा. डोळ्याला दिसतसुद्धा नाही! आणखी पुढं दुसरं, तसंच.

मी तिथंच मातीत बसले. वेळू, चिखल्या, आणि वेसल बोल्टशी झटतोय, एवढंच दिसत राहिलं.

तो आला तेव्हा ती दोन काडतुसं मी जेवणाच्या टेबलावर, त्याच्या ताटाच्या जागी उभी करून ठेवली होती. ताट दिलंच नाही. मग जे तोंडाला येईल ते बोलले. त्याच्या वडिलांच्या डायला बोलले, त्याच्या डोळ्याला बोलले, दाढीलासुद्धा बोलले. म्हणाले, तुझा हट्ट तुला रेड्याच्या शिंगावर नेऊन ठेवणार आणि फानी काका तुझ्या कबरीवर येऊन सांगणार की डाय चांगली होती.

त्याचे हात टेबलाखाली. मग त्यानं एक काडतूस उचललं, खिशात घातलं आणि उपाशीच बाहेर गेला.

आता मला वाटतंय दाढीला बोलायला नको होतं.

३१ मे, शनिवार

इल्से प्रिटोरियाहून आली आणि मी सांगितलेली डाय घेऊन आली. मी भांडणाची पूर्ण तयारी ठेवली होती. मुद्दे पाठ करून ठेवले होते. मुलीला बाजूला बसवलं होतं, साक्षीला.

वेसलनं डबी उघडली. चार पोलादी बोटांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "लाव प्रेसवर."

एवढंच! माझे सगळे मुद्दे वाया. इल्से म्हणाली, "आई, तू जिंकलीस, आता तोंड मिट." लोकांना शिकारीला न्यायचं लायसन्स मिळाल्यापासून पोरगी फार शहाणी झाली आहे. परीक्षेत पहिली आली, शेजारच्या रानात दोन हंगाम मदतनीस म्हणून राबली, पण रेड्यापुढं पहिली उभी अजून राहिलेली नाही. राहू नये कधी, असं मी म्हणते; मनात.

जेवताना वेसल तिलाच विचारत होता. जखमी रेडा वेळूत शिरला तर किती वेळ थांबशील? वारा फिरला तर? पहिला बार कुठं? परीक्षा झाली तिची, म्हटलं, जेवू दे तिला. तो ऐकेना. मक्याची घट्ट लापशी, पॅप, चमच्यानं खात होता, लहान मुलासारखा. काटा-सुरी ताटाशेजारी तशीच.

४ जून, बुधवार

डाय लावली. पहिली दोन काडतुसं जास्त आवळली गेली, मग डाय बरोबर बसली. गोळीच्या खाचेत सुबक चिमटा, फुगवटा नाही. सगळी काडतुसं चेंबरमध्ये घालून बघितली. एकही अडलं नाही! मी शेडमध्ये एकटीच नाचले असते, पण वेसल स्टुलावर बसून हुकूम सोडत होता. हात मांड्यांखाली दाबून, बादशहासारखा. हळू. सावकाश. हँडल शेवटपर्यंत. मी म्हटलं, हात लावायला मनाई आहे का? म्हणाला, तुझं छान चाललंय.

संध्याकाळी फानी काका आले. प्रेसवर नवी डाय बघून भुवया केसांपर्यंत. "काय रे, आळशांची डाय? तुझ्या बापाच्या शेडमध्ये?"

"आळशी मीच, काका," वेसल म्हणाला.

काका हसले. मीही हसले. जिंकल्याचा आनंद होता, नाही कशाला म्हणू.

५ जून, गुरुवार

सकाळी त्यानं मला शेडमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. एका हातात पुंगळी, दुसऱ्या हातात कॅलिपर घेतलं, आणि पुंगळी कॅलिपरच्या जबड्यात धरली. टिकटिक टिकटिक, पितळेवर पोलाद, थांबेचना. "ऐक," म्हणाला. मी ऐकलं. दोन्ही हात.

"डिसेंबरपासून असं आहे. मोजता येत नाही तर कापू कशी? वाटलं, रायफल हातात आली की थांबेल. तू ती दोन काडतुसं ताटाच्या जागी ठेवलीस त्या दिवशी ठरवलं."

मग रायफल पुढं केली. खांद्याला टेकतो तो दस्ता दोन बोटं कापायला गावात देऊन ये म्हणाला, इल्सेचा हात आखूड आहे. ती पुढं, तो मागं दुर्बीण घेऊन. म्हटलं, वडिलांची रायफल आहे, कापलेला दस्ता परत लांब होत नाही. म्हणाला, माहीत आहे.

घरात येऊन कॉफी केली. भरून ओतली. कप मी धरला.