पहिल्या परिच्छेदातला माणूस

प्रिय धाकट्या,

फोन सोडून पत्र काय लिहितेय, म्हणून डोळे वटारू नकोस. फोनवरचं सगळं बाबांना पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, आणि मेसेज तू ऑफिसात चारचौघांत वाचला असतास.

माझं काम तुला ठाऊक आहे. विज्ञान असं लिहायचं की मोबाइलवर सरकणारा अंगठा थांबला पाहिजे. आमच्या संपादकबाईंचा दंडक असा, की गोष्ट माणसापासून सुरू झाली पाहिजे. दर आठवड्याला नवा माणूस आणू कुठून? म्हणून घरचीच मंडळी वापरली. आत्याचे गुडघे झाले, तुझं घोरणं झालं (दोन लाख लोकांनी वाचलं, आभार मान). बाबा दर सोमवारी चहाबरोबर माझी गोष्ट वाचतात आणि नाव बदललेलं असलं तरी माणूस बरोबर ओळखतात. त्यांना त्याची भारी गंमत वाटते.

गेल्या महिन्यात कंपवातावर लिहायला घेतलं. मेंदूच्या डॉक्टरबाई सांगत होत्या, काहींचा हात थरथरायच्या आधीच अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलेनासा होतो. मी शहाण्यासारखी टिपून घेत होते. घरी आले तर फ्रिजवर बाबांनी केलेली सामानाची यादी. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस, अक्षर कसं छापल्यासारखं. यादीत वरची साखर ठसठशीत होती आणि शेवटचा साबण मुंगीएवढा. मग त्यांना चालताना पाहिलं. डावा हात अंगाला चिकटलेलाच होता.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. मी मात्र टेबलाशी बसले आणि ती यादी गोष्टीच्या पहिल्या परिच्छेदात घातली. इतकं चांगलं मी कधीच लिहिलं नव्हतं, आणि याचीच मला लाज वाटते. संपादकबाई खूश आहेत, चित्रंही तयार झाली. गोष्ट मागे घ्यायची तर कारण सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून निघत नाही. ऑफिसात तीच गोष्ट, घरी आले की ताटासमोर तोच हात. कुठे जाऊ सांग.

या सोमवारी ती प्रसिद्ध होतेय. बाबा चार ओळींत स्वतःला ओळखतील. माझा अंदाज चुकलेलाही असेल, मंगळवारची डॉक्टरबाईंची वेळ घेतली आहे. पण त्यांना हे मोबाइलवरून कळू नये रे. तू रविवारी ये. सांगेन मीच, तू नुसता माझ्या शेजारी बस.

तुझीच,
ताई